ओट्यामागच्या टाइल्स, पिवळं ग्राउट आणि दोन स्टार: ताईंना आमचं उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू काल रात्रीच वाचला, दोन स्टार बघून आधी वाईट वाटलं मग जरा रागही आला, खोटं कशाला बोलू, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. आज सकाळी कामाचे फोटो परत काढून बघितले, मिस्त्रीलाही विचारलं. तुमच्या तक्रारी तीन आहेत, दोन दिवसांचं काम पाच दिवस चाललं, गॅसमागचं पांढरं ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांत भरतात ते, दोन महिन्यांत पिवळं पडलं आणि मिक्सरच्या प्लगजवळची टाइल वाजवली की बद्द आवाज येतो.

आधी टाइलचं बोलतो कारण ती चूक सरळ सरळ आमची आहे. अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने टाइलच्या अख्ख्या पाठीला पसरायचं असतं, पण प्लगसाठी कापलेली ती टाइल लावताना आमच्या पोराने चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवले आणि दाबून मोकळा झाला, मधे पोकळी राहिली. आज नुसता आवाज आहे पण उद्या एखादं भांडं आपटलं तर कापलेल्या कोपऱ्यातूनच तडा जाणार. ती बदलून देतो, एक रुपया घेणार नाही. एकूण २० टाइल्स आणल्या होत्या, १७ लागल्या, उरलेल्या ३ मी तुम्हाला माळ्यावर ठेवायला सांगितल्या होत्या, त्या टाकून दिल्या नसतील अशी आशा आहे, कारण त्याच नावाची टाइल दुकानातून परत आणली तरी बॅच वेगळी निघते आणि मग शेड जुळेलच असं नाही.

पाच दिवसांचं म्हणाल तर जुन्या ६ बाय ६ इंचाच्या पांढऱ्या टाइल्स काढताना प्लास्टरपण सोबत आलं, सिंकच्या वर तर विटा दिसायला लागल्या होत्या, तुम्ही स्वतः बघितलंत. अशा भिंतीवर १ बाय २ फुटाची टाइल सपाट बसतच नाही, कडा वरखाली होतात, म्हणून आधी नवीन प्लास्टर करावं लागलं. त्यात तुमच्या सोसायटीत दुपारी २ ते ४ ठोकाठोक बंद. नवीन प्लास्टरला मी खरं तर अजून थोडे दिवस दिले असते पण तुमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. पण हे सगळं पहिल्याच दिवशी मी फोन करून सांगायला पाहिजे होतं, ते राहिलं, मिस्त्री रोज 'उद्या होऊन जाईल' म्हणत बसला आणि तुम्ही हॉलमध्ये इंडक्शनवर स्वयंपाक करत बसलात. त्याबद्दल मनापासून सॉरी.

ग्राउटचं मात्र मला पूर्ण मान्य नाही. कोटेशनमध्ये सिमेंट ग्राउटच लिहिलंय, इपॉक्सीचे, म्हणजे पाणी-तेल न पिणाऱ्या ग्राउटचे, २८०० जास्त होते ते तुम्ही नको म्हणालात. सिमेंटचं ग्राउट पाणी पितं आणि पाण्यासोबत तेल-हळदही पितं, फोडणीच्या जागी तर रोजच. राखाडी घ्या असं मी म्हटलं होतं, पण पांढरं पिवळं पडेल हे स्पष्ट बोललो का ते आता आठवत नाही, तेवढी बाजू तुमची धरतो. आणि टॉयलेट क्लीनरने घासलं असं लिहिलंय ते प्लीज बंद करा हो, अ‍ॅसिड सिमेंट खातं, सांधे अजून भुसभुशीत होतील आणि मग डाग आणखी आत जाईल, साधं भांड्याचं लिक्विड आणि मऊ ब्रश बास.

गॅसमागच्या ५ टाइल्सचे सांधे खरवडून तिथे इपॉक्सी भरून देतो, फक्त मटेरियलचे पैसे द्या, मजुरी माझ्याकडे. शनिवारी ११ वाजता मिस्त्रीला घेऊन मी स्वतः येतो, चालेल ना तेवढा एक मेसेज टाका. ओट्यावरचे डबे तेवढे उचलून ठेवा, झाकायला प्लास्टिक या वेळी आम्हीच आणू.