निकाल मोबाइलवर आहे म्हणून नक्कल सोडू नका

गेले काही महिने एक मेसेज फिरतो आहे. भावकीच्या ग्रुपवर, गावच्या ग्रुपवर. मला एकाच दिवशी तिघांनी पाठवला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: "कोर्टाचे सगळे निकाल आता मोबाइलवर फुकट मिळतात. नक्कल काढायची गरज नाही. निकाल मराठीतही आले आहेत. कोर्टाने कागद दिला नाही तर माहिती अधिकार टाका, द्यावाच लागतो. आणि जे नेटवर नाही ते मुद्दाम लपवलेलं आहे."

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं चालवतो. या मेसेजमागची भावना मला पटते. निकाल लोकांचाच असतो. सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल उघड न्यायालयातच द्यायचा, असं राज्यघटनेच्या अनुच्छेद १४५ मध्ये लिहिलेलं आहे. न्यायालयाने मनाई केलेली नसेल, तर निकाल छापल्याने किंवा वाटल्याने कॉपीराइटचा भंग होत नाही, हे १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं: प्रकाशकाने स्वतः घातलेली भर त्याची, निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा. तेव्हा निकाल वाचा, दुसऱ्यालाही पाठवा. माझी तक्रार मेसेजमधल्या पुढच्या वाक्यांबद्दल आहे, कारण त्यांच्यावर विसंबलेल्या माणसांचं नुकसान होताना मी बघतो आहे.

सगळ्यात घातक वाक्य "नक्कल काढायची गरज नाही" हे आहे. नक्कल म्हणजे कोर्टात अर्ज देऊन मिळणारी सही-शिक्क्याची प्रत.

गेल्या महिन्यात पन्नाशीचे एक गृहस्थ आले. वाटणीचा दावा वडिलांनी लावलेला, वडील दाव्यातच वारले, यांनी तो पुढे चालवला आणि तो फेटाळला गेला. त्यांनी मोबाइल पुढे केला. "साहेब, निकाल आहे माझ्याकडे. अपील करायचंय." मी तारीख बघितली आणि दिवस मोजले. सत्तेचाळिसावा दिवस होता. विचारलं, "नकलेचा अर्ज कधी दिलात?" ते म्हणाले, "दिलाच नाही. नेटवर होता की."

दिवाणी न्यायाधीशाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात. पण १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात कलम १२ आहे: निकालाची नक्कल मिळवायला जो वेळ लागतो, तो या ३० दिवसांत धरायचा नाही. समजा तुम्ही दहाव्या दिवशी अर्ज दिलात आणि नक्कल चाळिसाव्या दिवशी तयार झाली. मधले ३० दिवस वजा होतात आणि अपिलाला साठाव्या दिवसापर्यंत वाव राहतो. अर्जच दिला नाही, तर वजा करायला काही उरत नाही. तुमच्या मोबाइलमधली पीडीएफ पहिल्या दिवसापासून असली तरी तिच्यामुळे एक दिवसही वाढत नाही. मुदत संपल्यावर अर्ज दिला तर तोही या कामाला येत नाही.

सही-शिक्क्याच्या नकलेचं शेवटचं पान म्हणूनच नीट बघावं. तिथे शिक्का असतो आणि त्यात तारखा भरलेल्या असतात: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. पक्षकार पहिल्या पानापासून वाचतो, आम्ही वकील शेवटचं पान आधी उलटतो. "खरी नक्कल" हा दाखला, सही, हुद्दा, तारीख आणि मोहोर यांमुळे तो कागद पुरावा म्हणून उभा राहतो. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये हीच यादी आहे. अपील दाखल करताना, बँकेत, वारसाच्या नोंदीसाठी, सगळीकडे तोच मागतात. जिथे डिजिटल प्रत चालावी असं न्यायालयाला वाटलं, तिथे त्यांनी तशी रीतसर सोय केली. जामीन होऊनही कैदी सुटत नव्हते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आदेश थेट तुरुंगाला पोचवणारी ‘फास्टर’ प्रणाली सुरू केली. अशी सोय नसेल तिथे डाउनलोड केलेली प्रत फक्त वाचायला.

आता "सगळे निकाल". सर्वोच्च न्यायालयाबद्दल मेसेज बराचसा खरा आहे. २ जानेवारी २०२३ ला ‘ई-एससीआर’ हे त्या न्यायालयाचं निकालांचं संकेतस्थळ सुरू झालं तेव्हाच सुमारे ३४ हजार निकाल मोफत खुले झाले. आधी हेच निकाल शोधायला महागडे खंड किंवा वर्गणीची संकेतस्थळं लागायची. २००८ पासून ‘इंडियन कानून’ या निकाल फुकट शोधून देणाऱ्या संकेतस्थळाने केलेलं काम तर आम्ही तालुक्यातले वकील कधी विसरणार नाही. पण सामान्य माणसाचा दावा उभा असतो खालच्या कोर्टात. तिथला अलीकडचा निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की बहुतेक वेळा सापडतो. तुमच्या आजोबांचा १९७८ सालचा हुकूमनामा मात्र रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यात बांधलेला असतो. आणि निकाल हा प्रकरणातला शेवटचा कागद झाला. वादपत्र, कैफियत, साक्षी, निशाण्या पडलेले (पुराव्यात क्रमांक मिळालेले) दस्त यांतलं काही नेटवर लोकांसाठी चढवलेलं नसतं. त्यांना नकलेचा अर्ज हीच वाट.

माहिती अधिकाराची गफलत समजण्यासारखी आहे, कारण २०१९ मध्ये सरन्यायाधीशांचं कार्यालयसुद्धा त्या कायद्याखाली येतं असा निकाल झाला आणि ती बातमी सगळ्यांच्या लक्षात राहिली. पुढची राहिली नाही. ४ मार्च २०२० ला गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की न्यायालयीन प्रकरणातले कागद हवे असतील तर न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेच अर्ज करावा लागेल. पक्षकार नसलेल्यालाही कागद मिळू शकतात. त्याने कारण सांगायचं, बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्रावर. हा निकाल मला जड वाटतो. कारण विचारणं म्हणजे लोकांच्या कागदाला कुंपण घालणं आहे. पण तो बदलेपर्यंत दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकणाऱ्याचा महिना फुकट जातो आणि अपिलाची मुदत तिकडे चालूच राहते.

मराठीचं काय? भाषांतरं येत आहेत आणि त्यांचं मी मनापासून स्वागत करतो. फक्त ती कशासाठी वापरायची ते कळलं पाहिजे. अनुच्छेद ३४८ प्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. वाद झाला तर इंग्रजी मजकूर प्रमाण. ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपिलाला परवानगी. शब्दाला शब्द ठेवला तर त्याची ‘रजा मंजूर’ होते. तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मात्र १९९८ पासून मराठी ठरलेली आहे, आणि तरीही माझ्या अशिलांच्या हातात इंग्रजी निकाल पडतात. मेसेज पाठवणाऱ्यांनी याचा पाठपुरावा केला, तर मी त्यांच्याबरोबर सही करीन.

"नेटवर नाही ते लपवलेलं" हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याने अत्याचार झालेल्या मुलीच्या घरच्यांचा विचार केलेला नाही. तिची ओळख उघड करणं गुन्हा आहे. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या प्रकरणात मुलाचं नाव बाहेर येऊ नये हे बघणं न्यायालयाचं काम आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितले, पण तेव्हाच संवेदनशील प्रकरणं वगळली. २०२३ मध्ये आरोपपत्रं सरसकट संकेतस्थळावर टाकायला नकार दिला. या दुसऱ्या निर्णयावर वाद घालता येईल, घालावाही. पण कागद न दिसण्याला कायद्यातलं कारण असू शकतं.

त्या गृहस्थांचा नकलेचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी द्यायला लावला. परवा नक्कल आली. शेवटच्या पानावरच्या शिक्क्यात पहिली तारीख अठ्ठेचाळिसाव्या दिवसाची आहे. विलंब माफीच्या अर्जात उशिराचं कारण लिहायचं असतं. त्यांनी तो मेसेज छापून आणला आहे, आणि तोच जोडा म्हणतात.