त्या मुलाला पाच मिनिटे उभे राहू द्यायला हवे होते

आज पहाटे धाकट्या बहिणीला विमानतळावर सोडून परत येताना जे पाहिले, त्यामुळे दिवसभर माझे मन थाऱ्यावर नाही. विमानतळाच्या भिंतीला लागून जो रस्ता जातो, तिथे एके ठिकाणी भिंत संपून जाळी सुरू होते आणि धावपट्टीचे टोक दिसते. तिथे एका रिक्षावाल्याने रिक्षा कडेला घेतली होती, आणि त्याचा सात-आठ वर्षांचा मुलगा मागच्या सीटच्या कडेवर उभा राहून, दांडीला घट्ट धरून, मान बाहेर काढून उतरणारी विमाने पाहत होता. प्रत्येक विमानागणिक त्याचा एकच प्रश्न असे, ‘पप्पा, हे कुठून आलं?’ आणि बाप दर वेळी तितक्याच खात्रीने सांगे, ‘दिल्लीवरून.’

मीही गाडी थांबवून उतरले. दोन विमाने उतरली, तिसऱ्याचे दिवे दूरवर दिसू लागले, तोच रखवालदार आला आणि त्याने रिक्षाच्या पत्र्यावर काठी आपटली. ‘चल, निघ इथून. ही काय बाग आहे का?’ मुलगा दचकून खाली बसला. बापाने एक शब्द न बोलता रिक्षा सुरू केली. ते तिसरे विमान उतरले, तेव्हा तो मुलगा रिक्षाच्या मागच्या प्लास्टिकच्या खिडकीला नाक लावून बसलेला मला दिसला.

शहराचे आणि विमानतळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या रखवालदाराला वरून हुकूम असणार आणि त्याची नोकरीही त्या रिक्षावाल्याच्या धंद्याइतकीच हातावरची असणार, हे मला समजते. पण मला एकटीला त्याने काहीही म्हटले नाही, मी गाडीतून उतरले होते म्हणून, हेही मला समजते, आणि तेच सकाळपासून सलते आहे.

माझे आप्पा कुर्ल्याला गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. आम्ही कुर्ल्याच्याच चाळीत राहत होतो, विमाने सांताक्रूझला उतरताना आमच्या डोक्यावरून जात. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरते, त्यामुळे ती घाटकोपरकडून येऊन कुर्ला, जरीमरीवरून खाली खाली जातात, हे मला शाळेत जाण्याआधी आप्पांनी शिकवले होते. साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे उभे राहून आप्पांना कानाने कमी ऐकू येई. विमान कोणते ते आवाजावरून नव्हे, फळीवरच्या भांड्यांवरून ओळखत. लहान विमान असले तर फक्त वाटीवरचे झाकण थरथरे. बोइंग सातशेसात असले तर पितळेचे पेले एकमेकांना लागत. आणि जम्बो, म्हणजे बोइंग सातशेसत्तेचाळीस, आले की तांब्याच्या घागरीवर आप्पा तळहात ठेवत आणि डोळे मिटून म्हणत, ‘आली महाराणी.’

महिन्यातून एखाद्या रविवारी ते मला सांताक्रूझला नेत. विमानतळाच्या इमारतीवर तेव्हा लोकांसाठी सज्जा होता, थोड्या पैशांचे तिकीट काढले की वर जाता येई. आप्पा पांढरा शर्ट घालत, तोही इस्त्रीचा, जणू आम्ही कोणाच्या लग्नाला निघालो आहोत. खिशात दुधाच्या हिशोबाची वही असे. पुढून दुधाचा हिशोब आणि मागून विमानांचे नंबर. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. शेपटीजवळची अक्षरे मी वाचून दाखवी आणि ते मराठीत लिहून घेत: व्हीटी-ईबीडी. हे एअर इंडियाचे पहिले जम्बो, ‘एम्परर अशोक’, एप्रिल १९७१ मध्ये आलेले. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती तांबडी महिरप रंगवलेली होती. एका सज्जातून आपण दुसऱ्या महालाकडे पाहत आहोत असे मला वाटे.

ज्या माणसाने आयुष्यात एकदाही विमानात पाय ठेवला नाही, त्याच्या वहीत तीनशेहून अधिक विमानांच्या नोंदी आहेत. ती वही आत्ता माझ्यासमोर आहे.

आता मला राग येतो तो या गोष्टीचा, की आज आप्पांसारखा माणूस नुसता दारापर्यंत गेला तरी त्याला हटकतील. बहुतेक विमानतळांवर प्रवासाचे तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय इमारतीत पाऊल टाकता येत नाही. म्हणजे विमान बघायचे असेल तर आधी विमानात बसण्याइतके पैसे हवेत. काचेच्या भिंती उभारल्या, पण त्या काचेतून पाहण्याचा मान प्रवाशाला, आणि प्रवासी तर मोबाइलमध्ये मान घालून बसलेला असतो. ज्याला पाहायचे आहे तो बाहेर उन्हात, आणि त्याच्या रिक्षावर काठी.

सुरक्षेचे कारण मला कोणी सांगू नये. डिसेंबर १९९९ मध्ये कंधारचे अपहरण झाले, त्यानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली, आणि तेव्हापासून जी करडी शिस्त आली तिची गरज होती, हे मान्य. पुण्याचा लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथे कोणी कॅमेरे रोखून उभे राहू नये, हेही मान्य. पण झुरिकच्या विमानतळावर प्रेक्षकांसाठी गच्ची आहे, आणि वर जाण्याआधी माणसाची व त्याच्या पिशवीची रीतसर तपासणी होते. तपासा ना! आप्पांनी हात वर करून आनंदाने तपासणी दिली असती, त्यांचा शर्ट इस्त्रीचा होता.

आणि लपवायचे तरी काय आहे? आज वर उडणारे जवळजवळ प्रत्येक प्रवासी विमान आपला ठावठिकाणा, उंची, वेग स्वतःच रेडिओवरून प्रसारित करते, आणि कोणीही पोर आपल्या मोबाइलवर ते विमान कुठून आले आणि कुठे चालले हे पाहू शकते. आमच्या नियमांची मुळे मात्र अजून १९३७ सालात आहेत. त्या वर्षीच्या विमान नियमांत सरकारी विमानतळावर लेखी परवानगीशिवाय छायाचित्र घेण्यास मनाई केली गेली. तेव्हा कॅमेरा कोणाकडे होता?

हा संशय केवळ आपल्याकडे आहे असेही नाही, हे न्यायाने लिहिले पाहिजे. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमध्ये कालामाता इथे हवाई दलाच्या तळावर विमाने पाहायला गेलेल्या बारा ब्रिटिश आणि दोन डच हौशी लोकांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले होते. त्यांच्याकडे होत्या त्या नोंदवह्याच, विमानांच्या नंबरांच्या. खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले, आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात अपिलात ते सगळे निर्दोष सुटले. लष्करी तळावर वही काढताना त्यांनी विचार करायला हवा होता, एवढे मी म्हणेन. पण नंबर लिहिण्यात कोणाला इतका आनंद कसा असू शकतो, हे त्या पोलिसांना अखेरपर्यंत कळले नसेल असे मला वाटते. मला विचारले असते तर मी आमच्या दुधाच्या हिशोबाची वही दाखवली असती.

उलट इंग्लंडमध्येच, बर्मिंगहॅमला, पोलिसांनी या हौशी लोकांना ‘एअरपोर्ट वॉच’ म्हणून आपल्या मदतीला घेतले. रोज त्याच जाळीपाशी उभा राहणारा माणूस तिथे काय नेहमीचे आहे आणि काय वेगळे आहे हे सगळ्यात आधी ओळखतो, एवढे साधे गणित आहे. मँचेस्टरला तर धावपट्टीलगत प्रेक्षकांसाठी खास उद्यानच केले आहे, आणि तिथे एक निवृत्त काँकॉर्ड विमानही ठेवले आहे.

‘ही काय बाग आहे का?’ या प्रश्नाचे माझे उत्तर त्यामुळे असे आहे, की बाग नाही, हाच तर दोष आहे. बाग असायला हवी होती.

२०१९ मध्ये मी भाच्याकडे टोकियोला गेले होते. परतीच्या दिवशी आम्ही मुद्दाम चार तास आधी हानेदा विमानतळावर गेलो आणि टर्मिनल १ च्या गच्चीवर चढलो. तिथे तिकीट नाही, तुम्ही कुठे चालला आहात हे कोणी विचारत नाही. तारेच्या जाळीपलीकडे विमाने एकामागून एक निघत होती, हवा स्वच्छ असल्यामुळे त्यांच्या मागे फुजी पर्वताची फिकट रेघ दिसत होती. एक आजोबा घडीचे स्टूल आणि डबा घेऊन बसले होते, मांडीवर वही होती. त्यांनी विमानाकडे पाहिले, वहीत काहीतरी लिहिले, पुन्हा पाहिले. मला पुढचे काही नीट दिसेना, भाच्याने विचारले तेव्हा वाऱ्याने डोळ्यांत पाणी आले असे सांगितले. तो आजोबांचा देश होता, माझा परदेश होता, आणि तरीही ती वही आमच्या घरातली होती.

१९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या घरातला पगार थांबला. सज्जाच्या तिकिटाचे पैसेही मग डोळ्यांवर येऊ लागले. आप्पा जरीमरीला रस्त्यावर उभे राहून विमाने पाहू लागले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जेआरडी टाटा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पन्नास वर्षांपूर्वीच्या आपल्या टपाल घेऊन आलेल्या पहिल्या फेरीची आठवण म्हणून, कराचीहून जुहूला एकट्याने लहानसे विमान घेऊन उतरले. आप्पा कुर्ल्याहून जुहूला चालत गेले, कुंपणाबाहेर उभे राहिले आणि चालत परत आले. घरात त्या दिवशी भाताखेरीज काही नव्हते. आई चिडली. आप्पा म्हणाले, ‘अगं, म्हाताऱ्याने काय सुंदर टेकवलं.’ एवढेच. त्या काळात त्यांच्या तोंडून ‘सुंदर’ हा शब्द मी दुसऱ्या कशासाठीही ऐकला नाही.

विमाने पाहणे म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे म्हणणाऱ्यांना मी काय सांगू? तो माणूस रिकामा होता हे खरे आहे, पण त्याला रिकामे त्याने स्वतः केले नव्हते.

वहीत एक पान आहे, ते मी फार वेळा उघडत नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘एम्परर अशोक’ सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि काही क्षणांतच वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. विमानाचा कल दाखवणारे कॅप्टनसमोरचे यंत्र बिघडले होते आणि बाहेर काळोख्या समुद्रावर क्षितिज दिसत नव्हते, हे आम्हांला पुष्कळ नंतर कळले. दुसऱ्या दिवशी आप्पांनी वही काढली. मला वाटले, ते नाव खोडतील. त्यांनी खोडले नाही. व्हीटी-ईबीडी या अक्षरांपुढे फक्त तारीख लिहिली, आणि पेन्सिल इतकी दाबून धरली होती की मागच्या दुधाच्या हिशोबावर तिचा वळ उमटला आहे. आत्ताही बोट फिरवले तर लागतो.

त्यांच्या ओळखीचे कोणी त्या विमानात नव्हते. पण ज्या विमानाकडे तुम्ही वर्षानुवर्षे मान वर करून पाहिले असते, ते तुमच्या ओळखीचे असते. २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचे शेवटचे जम्बो मुंबईहून कायमचे निघाले आणि उड्डाणानंतर वैमानिकाने पंख हलवून निरोप घेतला, तेव्हा मी कामावर होते आणि तो व्हिडिओ मी जिन्यात उभी राहून चार वेळा पाहिला. आप्पा असते तर कुठे उभे राहून पाहिले असते, हाच विचार मनात होता. त्यांना उभे राहायला जागाच उरली नव्हती.

मला फार मोठे काही नको आहे. नवे विमानतळ बांधले जात आहेत, आराखड्यांत दुकानांना मजलेच्या मजले दिले जात आहेत, त्यातला एक कोपरा, वर छप्पर, पुढे जाळी, आणि गरिबाला परवडेल असे तिकीट, एवढेच. पतंग उडवणाऱ्यांना आणि विमानांवर लेझरचे दिवे मारणाऱ्यांना खुशाल पकडा, मी तुमच्या बाजूने आहे. पण पाहणाऱ्याला पाहू द्या.

या शहरात माझे जे मित्रमैत्रिणी आहेत, त्यांच्यापैकी कोणाच्या इमारतीची गच्ची धावपट्टीच्या बाजूला असेल आणि सोसायटीची हरकत नसेल, तर मला कळवावे. तो रिक्षावाला कोणत्या थांब्यावर उभा राहतो हे मी परत येताना पाहून ठेवले आहे. रविवारी सकाळी तास-दीड तास पुरेल. मुलाला मी घेऊन येईन, बापालाही, आणि दुधाच्या हिशोबाची वहीही बरोबर असेल. तिची शेवटची नऊ पाने कोरी आहेत.