बिनगाण्याची रांग

आत्या गिरगावातली. साहित्य संघाची पायरी न पायरी तिला ओळखते. न्यूजर्सीला आल्यावर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा तिने बोटीतूनच पाहिला आणि विचारलं, "इथे नाटकं कुठे लागतात रे?"

म्हणून शनिवारी सकाळी आम्ही टाइम्स स्क्वेअरला, लाल पायऱ्यांखालच्या सवलतीच्या तिकीट-खिडकीसमोर उभे होतो. ही खिडकी १९७३पासून आहे. त्याच दिवसाच्या प्रयोगाचं तिकीट २० ते ५० टक्के स्वस्त मिळतं. उरलेले टक्के रांगेत पाय देऊन फेडायचे.

पाय दुखले असते तर चाललं असतं. पण पुढे एक आजीबाई, मागे एक टक्कल पडलेले गृहस्थ, आणि दोघेही ब्रॉडवेच्या, म्हणजे इथल्या संगीत नाटकांच्या गल्लीचे मुरलेले भक्त! आजीबाईंनी मला विचारलं, "आजवर काय काय पाहिलंस?"

"लायन किंग," मी म्हणालो.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्यासमोर कोणी 'संगीत नाटकात पदं जरा जास्तच असतात' म्हटलं की ती असंच बघते.

मग माझ्या डोक्यावरून सामना सुरू झाला. आजीबाईंनी संगीतकार सोंडहाइमचं 'मेरिली वी रोल अलाँग' १९८१ साली पाहिलेलं, म्हणजे १६ प्रयोगांत आपटलं तेव्हा. २०२४मध्ये त्याच नाटकाच्या नव्या संचाला टोनी पुरस्कार मिळाला, पण त्यांच्या मते खरं ते आपटलेलंच. गृहस्थांनी शांतपणे हुकूम टाकला, "मी 'कॅरी' पाहिलंय. १९८८. उद्घाटनानंतर फक्त ५ प्रयोग." आजीबाई गप्प. चाललेलं नाटक कोणीही पाहतं हो; पडलेलं वेळेत गाठायला नशीब लागतं.

शेजारी दुसरी रांग होती. फक्त गद्य नाटकांची. तिच्यात चार माणसं, तीही मुकी. "आत्या, तिकडे जाऊया?" मी हळूच म्हटलं.

"पदं नसलेलं नाटक? त्यापेक्षा घरी बसून तुझ्या बायकोशी भांडेन."

एवढ्यात गृहस्थ 'फँटम ऑफ द ऑपेरा' या संगीत नाटकावर आले. मॅजेस्टिक थिएटर, १९८८ ते २०२३, १३,९८१ प्रयोग! ते झुंबर पहिल्यांदा कोसळताना पाहिलं ती रात्र सांगताना त्यांचा गळा दाटून आला. मी आत्याला भाषांतर करून सांगितलं. मी तेवढ्यावरच थांबायला हवं होतं.

"किती नट बदलले म्हणावं एवढ्या प्रयोगांत?" आत्याने विचारलं.

"बरेच."

"मग सांग त्याला, आमच्या प्रशांत दामल्यांनी २०२२मध्येच साडेबारा हजार केलेत. एकट्याने!"

मी सांगितलं. गृहस्थांनी खिशातून पेन काढून दामल्यांचं नाव हातातल्या कागदावर लिहून घेतलं. स्पेलिंग मीच दिलं. पुढची चाळीस मिनिटं आत्या रांगेची अध्यक्ष आणि मी दुभाष्या.

शेवटी १९९६पासून चाललेलं 'शिकागो' मिळालं. थिएटर जुनं, दोन रांगांमधलं अंतर जुन्या काळच्या बारीक माणसांच्या मापाचं. माझे गुडघे पुढच्या बाईंच्या अंबाड्याशी संवाद साधत होते. पडदा नाही, देखावा नाही, साजिंदे थेट रंगमंचावर आणि सगळ्यांचे कपडे काळे. "यांनी नेपथ्य विकून खाल्लं का रे?" आत्या कुजबुजली. पण दुसऱ्याच गाण्याला तिने खणखणीत "वन्स मोअर!" दिला. बॅटरीवाली मुलगी धावत आली.

सोमवारी ऑफिसात एक सहकारी उत्साहाने म्हणाला, या आठवड्यात आम्ही 'शिकागो'ला जातोय.

मी सुस्कारा सोडला. "जा, जा. पण १९९६चा संच काही वेगळाच होता."

१९९६ साली मी डोंबिवलीत पाचवीत होतो.