छत्रीवर छत्री

कालपासून कोणी छत्री उघडताना दिसलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जातेय, आणि पावसाचा यात काहीही संबंध नाही.

झालं असं की आम्ही सेकंडहँड कॅम्पर व्हॅन घेतली आणि घरात ठराव पास झाला की गाडीत टीव्ही हवाच. (मी निसर्ग, शांतता वगैरे बोलून बघितलं. मतदानात पडलो.) घरच्या गच्चीवर डिश आहेच. ती बसवायला आलेल्या पोराने खांद्यात फोन धरून, कोणाशी तरी भांडत भांडत, 20 मिनिटांत काम उरकलं होतं, त्यामुळे माझा समज असा की यात आहे काय. 60 सेंटिमीटरची डिश, तिपाई, केबल, एक जादाचा बॉक्स, झालं. दुसऱ्या कनेक्शनचे पैसे कशाला घालवा, कार्ड दोन्ही बॉक्सना चालेल असं करून घेतलं, निघताना घरच्या बॉक्समधून काढायचं आणि गाडीतल्यात सरकवायचं. आई घरीच राहणार होती, पण ती म्हणाली, "मी कुठे टीव्ही बघते, मी आपली पुस्तक वाचीन." हे वाक्य मी लक्षात ठेवलंय.

तर मुक्कामावर पोचलो. घरच्या डिशचं बरं असतं, एकदा भिंतीला ठोकली की वर्षानुवर्षं एकाच दिशेला बघत बसते. गाडीचं तसं नाही, प्रत्येक मुक्कामाला सगळं पहिल्यापासून. तिपाईचा खांब सरळ उभा हवा, नाहीतर डिशवरचे अंशाचे आकडे खोटे. दिशा बघायला मोबाइलमधलं होकायंत्र काढलं तर गाडीच्या पत्र्याशेजारी ते एक सांगतं, दहा पावलं लांब गेलं की दुसरंच. आणि उपग्रह आहे 35,786 किलोमीटर वर. डिश खाली एक अंश हलली की वर सहाशेहून जास्त किलोमीटरचा फरक, म्हणजे मी इथे नट पाव आटा फिरवतोय आणि तिकडे माझी नजर एका देशावरून दुसऱ्या देशावर.

एवढ्यात शेजारच्या गाडीतले काका आले. हातात घडीची खुर्ची. त्यांनी ती माझ्यापासून चार फुटांवर उघडली, नीट टेकून बसले आणि विचारलं, "लागत नाही का?"

"लागेल. अँगल बघतोय."

"पण ही तर त्या झुडपाकडे बघतेय. उपग्रह वर असतो ना?"

आता ही ऑफसेट डिश असते, तिचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा तो छोटा डबा, मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती दिसायला जवळजवळ उभी दिसली तरी प्रत्यक्षात बरीच वर बघत असते, हे सगळं मी त्यांना हातवारे करून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असेल. पण मला झुडपाकडेच वाटतेय."

मी दात आवळून नट आवळला.

"मी सांगू का," काका म्हणाले, "तो आत्ता पलीकडे गेला असेल."

"कोण?"

"उपग्रह. फिरतो ना पृथ्वीभोवती. येईल पाच-सहा तासांत, कशाला जीव काढताय."

अहो काका, म्हटलं, तो फिरतो, पण पृथ्वी जेवढ्या वेळात स्वतःभोवती फिरते तेवढ्याच वेळात तो तिच्याभोवती फिरतो, बरोब्बर विषुववृत्ताच्या वर, म्हणून आपल्याला एका जागी थांबल्यासारखा दिसतो. तसं नसतं तर लोकांच्या गच्चीवरच्या डिश दिवसभर सूर्यफुलासारख्या फिरत नसत्या का?

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे फिरतो ना? तेच म्हणतोय मी."

मला खरंच कळत नाही, काही माणसांना तुमच्या खाली वाकलेल्या पाठीमागे खुर्ची टाकून बसायचा अधिकार कोण देतं? त्यांना स्वतःला टीव्ही नको होता. त्यांच्या गाडीत टीव्हीच नव्हता! आम्ही शांततेसाठी येतो म्हणाले. मग बसा ना शांत.

ऊन वाढलं तसं काकांना माझी दया आली. ते आत जाऊन भलीमोठी छत्री घेऊन आले, उन्हासाठी असते ना ती, चंदेरी अस्तराची, आणि माझ्या डोक्यावर धरून उभे राहिले. माझ्या आणि डिशच्या. "तिलाही ऊन नको," म्हणाले. मला भरून आलं हो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, ते बोलत बोलत लांब गेले आणि गाडीतून बायकोची किंकाळी, "अहो, आलं! क्वालिटी 78!"

मी हात सोडले. श्वाससुद्धा सोडला नाही. काका लगबगीने परत आले, छत्री होती तिथे धरली.

"अहो, गेलं! शून्य!"

"बघा," काका म्हणाले, "फिरतो."

मी परत नट सैल केला, हे आता मला सर्वात जास्त लागतंय. बरोबर लावलेली डिश मी स्वतःच्या हाताने बिघडवली आणि पुढचा पाऊण तास शोधत बसलो. काका दोनदा आत गेले, दोनदा क्वालिटी वर आली आणि काका परत आल्यावर पडली, तेव्हा कुठे माझी नजर वर त्या चंदेरी अस्तराकडे गेली. जी लाट जेमतेम अडीच सेंटिमीटरची, 35,786 किलोमीटर विनातक्रार येते, ती शेवटच्या दोन फुटांवर काकांच्या छत्रीला आपटून परत जात होती.

"काका, छत्री मिटा."

"अहो ऊन आहे."

"काका, मिटा!"

मिटली. चित्र आलं. अर्धेच चॅनल आले, का ते विचारू नका, बॉक्समधून एलएनबीला 13 आणि 18 असे दोन व्होल्टेज जातात, काही चॅनलसाठी एक, बाकीच्यांसाठी दुसरं, त्यातलं 18 बहुतेक माझ्या स्वस्तातल्या लांबलचक केबलमध्येच दमत होतं. पण आले. काका रुसून खुर्चीत बसले.

आणि आईचा फोन.

"अरे, आपली छत्री बिघडली का? टीव्हीवर नुसतं कार्ड घाला, कार्ड घाला लिहून येतंय."

कार्ड माझ्यासमोर गाडीतल्या बॉक्समध्ये, त्यावर हिरवा दिवा. मला काय बोलावं सुचेना. काकांना पलीकडचा आवाज ऐकू गेला असावा, कारण ते खुर्चीतूनच म्हणाले, "सांगा त्यांना, पलीकडे गेलाय. संध्याकाळपर्यंत येईल."

मी आईला तेच सांगितलं.