हात मोडल्यावर ‘प्लास्टर निघेपर्यंत बोटंही हलवू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या जो मेसेज फिरतोय त्यातला सल्ला थोडक्यात असा: हात मोडला की प्लास्टर निघेपर्यंत बोटंसुद्धा हलवायची नाहीत, हाड सरकतं. हात कायम गळ्यात. ठणका असतोच, सहन करायचा. प्लास्टर निघालं की हात बरा झाला, मग गरम तेलाने रगडून मालिश करायचं आणि फिजिओवर पैसे घालवायचे नाहीत.

यात खरं एवढंच की मोडलेल्या हाडाला आराम लागतो. पण आराम हाडाला द्यायचा असतो, अख्ख्या हाताला नाही!

आधी बोटं. मनगट किंवा त्याच्या वरचं हाड मोडलं असेल तर ते धरून ठेवायला प्लास्टर आहेच, बोटं हलवल्याने ते सहसा सरकत नाही. उलट बोटं तशीच ठेवली की सूज पंजातच साचून राहते, सांधे धरतात, आणि मग हाड छान जुळूनही मूठ वळत नाही. आईचं मनगट मोडलं होतं तेव्हा डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं, पूर्ण मूठ, मग बोटं पूर्ण सरळ, मग अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा, जागेपणी दर तासाला थोडं थोडं, आणि करंगळीपर्यंत अंगठा पोचवताना तिचा चेहरा वाकडा व्हायचा तरी ती करायची. हां, बोटाचंच हाड मोडलंय किंवा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवलाय तर गोष्ट वेगळी, तिथे सर्जन सांगेल तेवढंच. आणि बोटात अंगठी असेल तर सूज चढायच्या आत काढा.

गळ्यातल्या झोळीचं म्हणाल तर, पहिले दोन-तीन दिवस पंजा छातीपेक्षा वर हवा, झोपताना हाताखाली उशा घ्या. झोळीत बऱ्याच जणांचा पंजा कोपराच्या खाली लोंबत असतो, त्याने सूज वाढते. शिवाय फक्त मनगट मोडलेला माणूस हात दिवसभर छातीशी धरून बसला तर काही आठवड्यात खांदाही आखडतो, म्हणून दिवसातून काही वेळा झोळी काढून कोपर सरळ करायचं, हात डोक्यावर न्यायचा. दंडाचं किंवा खांद्याचं हाड असेल तर मात्र हे विचारल्याशिवाय करू नका.

आता ‘ठणका सहन करा’. या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. साधं दुखणं गोळी घेतल्यावर आणि हात वर ठेवल्यावर कमी होतं. पण दुखणं गोळीलाही न जुमानता वाढतच चाललंय, प्लास्टर आवळल्यासारखं वाटतंय, दुसऱ्याने बोट हळूच सरळ केलं तरी कळ मस्तकात जातेय, बोटं बधिर, मुंग्या, पांढरी किंवा निळी पडलीत, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, लगेच दवाखान्यात जा. आत दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत असतो आणि काही तासांतच स्नायू कायमचे मरू शकतात. नाडी लागतेय म्हणून थांबू नका, असा दाब असतानाही नाडी लागू शकते. घट्ट बांधलेल्या पट्ट्यांमुळे हात कायमचा आखडतो हे फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जनने 1881 मध्ये लिहून ठेवलंय, आणि आजही लोक ‘सहन करा’ फॉरवर्ड करतायत याचा खरंच राग येतो.

मालिश. कोपराच्या दुखापतीनंतर जोरात रगडणं किंवा दुसऱ्याने हात धरून जबरदस्तीने ताणणं टाळाच, त्याने भोवतीच्या स्नायूत हाड तयार होण्याचा धोका असतो आणि मग कोपर कायमचं अडकू शकतं. ऑपरेशनची जखम पूर्ण भरल्यावर व्रणावर हलक्या बोटांनी क्रीम चोळणं वेगळं, ते बरेचदा सांगतातच.

आणि प्लास्टर निघालं म्हणजे हात बरा झाला असं नाही. मनगटाचं प्लास्टर बहुतेकदा 5-6 आठवड्यांनी निघतं, तेव्हा हाड जुळलेलं असतं पण पूर्वीइतकं भक्कम नसतं, हात बारीक झालेला, कातडी सुकलेली, मनगट लाकडासारखं ताठ. ताकद यायला महिने लागतात. साध्या फ्रॅक्चरला रोज फिजिओकडे जायची गरज नसते हे मान्य, पण एकदा तरी जाऊन व्यायाम नीट शिकून घ्या, घरी आपल्या हाताने, आपल्या ताकदीने करा. व्यायामानंतर थोडं दुखून ओसरलं तर चालू ठेवा, दुसऱ्या दिवशी सूज चढली तर जरा कमी करा. आणि सतत आग होत असेल, शर्टाची बाही घासली तरी सोसत नसेल, कातडी चकचकीत किंवा रंग बदललेली दिसत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.