फाटक्या आभाळाचं ठिगळ

मोटारीचं छत आतून कसं असतं, हे जन्मभर मोटारीत बसलेल्या माणसालाही सांगता येत नाही. इंजिनाबद्दल प्रत्येकाला मत असतं, सीटबद्दल तक्रार असते, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर तर संसार मोडायची वेळ येते. छताच्या अस्तराकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. ते जातं थेट अस्तर टकलावर येऊन टेकतं तेव्हा.

माझी गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, त्यामुळे तिच्या अंगावरच्या कपड्यांबद्दल चारचौघांत बोलायला मला जरा संकोच वाटतो. पण तिचं अस्तर आधी मागच्या काचेपाशी सुटलं, मग मधल्या शिवणीत उसवलं, आणि शेवटी शेवटी वेग घेतला की शिडासारखं फुगायला आणि ब्रेक मारला की मागच्या मंडळींच्या डोक्यावरून पदर घ्यायला लागलं. आरशात मागचा रस्ता दिसेना. मागे बसणाऱ्याने एक हात वर धरून बसायचं, असा नियम आम्ही केला होता. आमचे मेहुणे एकदा या नियमाखाली तासभर बसले आणि उतरल्यावर खांदा चोळत म्हणाले, "दाजी, हे आपण घरीच बदलू. कापडच तर आहे!"

जगातली बरीचशी संकटं "कापडच तर आहे" छापाच्या वाक्यांनी सुरू होत असावीत.

छताच्या अस्तराचे ढोबळमानाने दोन प्रकार. अलीकडच्या गाड्यांत साच्यातून काढलेला पुठ्ठ्यासारखा एक मोठा तुकडा असतो, त्यावर पातळ फोम आणि फोमवर कापड. हे कापड लोंबायला लागलं की लोक गोंदाला शिव्या देतात. गोंद बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. मधला पॉलियुरेथेनचा फोम उष्णतेने आणि दमटपणाने कुजतो, त्याची पिवळसर पिठी होते आणि कापडाला धरायला काही उरतच नाही. म्हणून सुटलेल्या कापडामागे इंजेक्शनच्या सुईने गोंद सोडणारे जे हिकमती लोक असतात, ते पिठीला कापड चिकटवत असतात. तिथे एकच इलाज: तुकडा बाहेर काढा, फोम खरवडून टाका, नवं कापड लावा. कंटाळवाणं काम आहे, पण निदान टेबलावर ठेवून करता येतं.

आमचा प्रकार दुसरा, म्हणजे जुना. यात पुठ्ठा नाही, फोम नाही. छताच्या पत्र्याखाली कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी सळ्या आडव्या बसवलेल्या, टोकं दोन्ही बाजूंच्या भोकांत. अस्तराच्या उलट्या बाजूला नेफे शिवलेले आणि त्या नेफ्यांतून सळ्या ओवलेल्या, पायजम्यात नाडी ओवावी तशा. मग सगळ्या कडा ताणून चिकटवल्या की अस्तर तंबूसारखं ताठ उभं राहतं. ऐकायला फार सुटसुटीत वाटतं. मलाही वाटलं होतं.

यातली मेख अशी की कारखान्यात हे अस्तर लागतं फार आधी. सांगाडा रंगून येतो, त्यात काचा नसतात, सीटं नसतात, त्या वेळी माणसं ऐसपैस आत शिरून अस्तर ताणून बसवतात. अस्तराच्या कडा काचांच्या चौकटीवरून बाहेर वळवतात, त्यावर रबराची बीडिंग चढते, बीडिंगमध्ये काच बसते. दाराच्या चौकटीवरची बीडिंग त्यावर, हँडलं त्यावर, सनवायझर त्यावर, छत तोलणाऱ्या मागच्या खांबावरून उतरलेलं कापड सीटच्या पाठीमागे खाली. थोडक्यात, अख्खी गाडी त्या कापडावर बांधून काढलेली असते. मग ते कापड बदलायचं म्हणजे कारखाना उलटा चालवायचा, आणि नंतर पुन्हा सुलटा. फरक एवढाच, की कारखान्यात माणसं पुष्कळ असतात आणि त्यांत मेहुणे नसतात.

तरी आमच्या गाडीचं वरचं छत तरी पोलादी आहे. एके काळी बंद गाड्यांच्या छताचा मधला भाग बाहेरूनही कापडाचाच असे, लाकडी चौकटीवर ताणलेलं जलरोधक कापड, कारण एवढा रुंद पत्रा एका दाबात साच्यातून काढणं जमत नव्हतं. जनरल मोटर्सने १९३५च्या मॉडेलांवर एकसंध पोलादी छत आणलं, त्याला 'टरेट टॉप' म्हणत. त्याआधीच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाचं आभाळ दोन्ही बाजूंनी फाटत असणार. त्याला माझा साष्टांग नमस्कार.

उलटा कारखाना सुरू झाला. आरसा, दिवा, सनवायझर, कोट अडकवायचे हुक, मागची सीट. यात सांगण्यासारखं काही नाही. जुने स्क्रू जसे वागायचे तसेच वागले. खरा प्रसंग काचांचा. पुढची काच बहुतेक गाड्यांत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा घालून केलेली असते, मागची बहुधा तापवून कडक केलेली. दोघींचे स्वभाव वेगळे. पुढची रागावली तर कोपऱ्यातून एक तडा सोडते आणि तो रोज थोडा थोडा पुढे सरकवते. मागची रागावली तर काही न बोलता सगळीच्या सगळी खाली बसते. मी आत बसून बीडिंगची कड बोथट पट्टीने सोडवत पायाने काच हळूहळू बाहेर ढकलत होतो आणि मेहुणे बाहेर दोन्ही हात पसरून उभे होते. "आली, आली, आली!" असं ते म्हणत होते. सुइणीचं काम त्यांनी उत्तम केलं.

मग जुनं अस्तर उतरवलं. इथे एक कळकळीची सूचना: हे काम करताना चष्मा लावा, मास्क लावा आणि कृपा करून बोलू नका. मान मागे टाकून वर बघत सूचना देणाऱ्या माणसाचं तोंड उघडं असतं, आणि इतकी वर्षं अस्तराने धरून ठेवलेलं सगळं नेमकं त्याच क्षणाची वाट बघत असतं. धूळ, तागाच्या नमद्याचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड थराचा, भुसा, गंजाचे पापुद्रे, उंदरांनी जमवलेली गादी आणि कुंभारमाशीचं मातीचं घर, सहकुटुंब रिकामं केलेलं. "अहो, हे सगळं आपल्या डोक्यावर होतं?" हिने विचारलं. त्या वेळी ते माझ्या तोंडात होतं, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

सळ्या दिसायला सारख्या असतात, पण नसतात. छताला पुढून मागे गोलाई असते, त्यामुळे प्रत्येक सळीची कमान आणि लांबी वेगळी. काही गाड्यांत तर टोकासाठी एकाहून जास्त भोकं असतात आणि कुठलं वापरायचं यावर सळी वर जाणार की डोक्याला लागणार हे ठरतं. हे मला माहीत होतं. म्हणून मी प्रत्येक सळीवर कागदी चिकटपट्टी लावून नंबर घातला, पुढची बाजू कुठली तेही लिहिलं, आणि समाधानाने हात धुवायला गेलो. परत येतो तो मेहुणे पॉलिश पेपर हातात घेऊन हसत उभे. "दाजी, गंज होता. सगळ्या घासून चकाचक केल्या. चिकटपट्ट्यांचा गोंदसुद्धा ठेवला नाही!"

हिने मला आत नेऊन पाणी दिलं.

सळ्यांची कुंडली अखेर जुन्या अस्तरानेच सांगितली. प्रत्येक नेफ्यात सळीच्या गंजाचा डाग पडलेला असतो, तिच्या लांबीबरहुकूम. जुनं अस्तर जमिनीवर उलटं पसरून एकेक सळी एकेका डागावर ठेवत गेलो आणि घराणं जुळत गेलं. त्यामुळे जुनं अस्तर काम संपेपर्यंत टाकू नये, कितीही वास येवो. नवं कापायलाही तेच माप लागतं. पण आंधळेपणाने नाही, असं हिचं म्हणणं पडलं, आणि शिवणाच्या बाबतीत हिच्यापुढे बोलायची माझी प्राज्ञा नाही. जुनं कापड कुठे आक्रसलेलं असतं, कुठे ओघळलेलं. शिवणीपासून शिवणीचं अंतर तेवढं त्याच्याकडून घ्यायचं आणि कडांना जास्तीचं कापड ठेवायचं. नेफे मात्र कडेपर्यंत न्यायचे नाहीत. नेफा फार लांब राहिला तर कापडाची टोकं सळीला अडकून राहतात आणि नेमक्या खिडकीवर चुण्या पडतात. तो बोटभर बोटभर कापत, प्रत्येक वेळी ताणून बघत मागे न्यायचा. हे सगळं हिने मशिनीवरून मान वर न करता सांगितलं. मला वाटतं, मोटारदुरुस्तीतलं ते एकमेव काम, जे या घरात पहिल्या फटक्यात बरोबर झालं.

गोंदाचं प्रकरण वेगळं आहे. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा ७० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातो. साधा फवारायचा गोंद तिथे दुपारी नोकरी सोडतो, म्हणून उष्णता सोसणारं काँटॅक्ट सोल्युशनच हवं. ते पत्र्यालाही लावायचं आणि कापडालाही. मग थांबायचं. बोट लावून चिकट लागलं पण बोटाला आलं नाही, की दोन्ही भेटवायचे. भेटले की भेटले. त्यात "जरा डावीकडे घ्या" हा प्रकार नाही. आणि हे सगळं हात डोक्याच्या वर धरून. एरवी आपल्याला हात आहेत हे जाणवत नाही. छताखाली अर्धा तास काढल्यावर त्यांचं नेमकं वजन कळतं. दारं सताड उघडी ठेवायची, कारण त्या सोल्युशनचा वास बंद गाडीत घेतला तर छतच काय, सगळंच सुंदर दिसायला लागतं.

पूर्वी हे काम चुकांनी व्हायचं, म्हणजे बारीक टोकदार खिळ्यांनी. कारागीर मूठभर चुका तोंडात धरायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचे आणि चुंबक लावलेल्या हातोडीने तोंडातूनच उचलून थेट लाकडी पट्टीत ठोकायचे. दुसरा हात कापड ताणायला मोकळा. मेहुण्यांना हे फार आवडलं. मी तातडीने कागदाला लावायचे मोठे क्लिप त्यांच्या हातात दिले.

ताणायचा क्रम ठरलेला असतो. मधली सळी आधी उभी करायची, मग पुढे-मागे ताण द्यायचा, आणि बाजू अगदी शेवटी. क्लिपांनी आधी नुसतं अडकवून बघायचं, गोंद नंतर. ओढायचं ते शिवणीला धरून. दोन शिवणींच्या मधे ओढलं की शिवण वाकडी होते आणि मग गाडीत बसलेला प्रत्येक माणूस नकळत मान तिरकी करतो. सुरकुतीबद्दल मला एक शोध लागला. ती नाहीशी होत नाही, तिची फक्त बदली होते. पुढून ओढली की मागे हजर, डावीकडून काढली की उजव्या खांबावर रुजू. केस वाळवायच्या यंत्राने कापड जरा गरम करून ओढलं तर ती दमते. आम्ही दोघे समोरासमोरच्या दारांत उभे राहून ओढत होतो, आणि मी "सोडा" म्हणालो की मेहुणे ओढायचे. त्यांच्या मते मी "ओढा" म्हणत होतो.

काच परत बसवायची युक्ती मात्र कोणा तरी थोर माणसाची आहे. बीडिंग काचेवर चढवायची, बीडिंगच्या पत्र्यावर बसणाऱ्या खाचेत सगळीकडून एक गुळगुळीत दोरी फिरवायची आणि दोन्ही टोकं खाली मधे गाडीच्या आत लोंबती सोडायची. चौकटीला साबणाचं पाणी लावून काच बाहेरून टेकवायची. एकाने बाहेरून तळहाताने दाबत राहायचं, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. दोरी निघत जाते तशी रबराची ओठासारखी कड चौकटीच्या पत्र्यावरून आत उलटत येते, आणि काच आपली आपण जागेवर. एवढ्या सगळ्या कामात हा एकच भाग मला पुन्हा करायला आवडेल. मेहुण्यांनी तो पुन्हा करायची तयारीही दाखवली. मी दोरी लपवून ठेवली.

शेवटचं काम दिव्याचं. नव्याकोऱ्या, ताठ, डागहीन अस्तराला आपल्या हाताने भोक पाडायचं. वायर कुठे आहे ते अस्तर लावायच्या आधी दोन्ही दारांपासून मोजून लिहून ठेवलेलं असतं, तरी ब्लेड टेकवताना वहीवरचा आकडा परका वाटतो. भोक दिव्यापेक्षा लहानच पाडायचं, फुलीच्या आकारात. मोठं करता येतं, लहान करता येत नाही. बॅटरीची तार आधी सोडायची, नाही तर भोकातून वायर ओढून काढताना ती पत्र्याला टेकते आणि ठिणग्या उडवते. सनवायझरच्या स्क्रूंची भोकं सुईने टोचत टोचत शोधायची. सुई पत्र्याला लागून टक्क वाजली की बाजूला सरकायचं, आत घुसली की भोक सापडलं.

आता अस्तर छान बसलं आहे. मागच्या डाव्या कोपऱ्यात, खांब जिथे वळतो तिथे, एक सुरकुती मुक्कामाला राहिली आहे. ती फक्त मागे डावीकडे बसणाऱ्याला दिसते, म्हणून पाहुण्यांना मी पुढे बसवतो, नाही तर मागे उजवीकडे. पण परवा मेहुणे हट्टाने तिथेच बसले. निवांत मान टाकून वर बघत राहिले. मी आरशातून त्यांच्याकडे, कारण आता आरशात मागचं दिसतं.

"दाजी," ते म्हणाले, "ही घडी मुद्दाम दिलीत ना? जुन्या गाड्यांना कंपनीतून अशीच यायची. जाणकार आधी हेच बघतात."

"हो, मुद्दाम," मी म्हणालो आणि गिअर बदलला.