पत्त्याच्या शेवटी ‘डॉट इन’ आहे म्हणून पैसे भरू नका

सौर पंप आणि पीक विम्याच्या अर्जांचे दिवस आले की लातूर, बीड, परभणीकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : ‘डॉट इन’ हा पत्ता फक्त भारतीय नागरिकाला किंवा भारतात नोंदलेल्या कंपनीलाच मिळतो, तो देण्याआधी सरकार कागदपत्रे तपासते, ‘डॉट ओआरजी डॉट इन’ तर केवळ नोंदणीकृत संस्थांसाठी राखीव असतो, तेव्हा पत्त्याच्या शेवटी ‘इन’ दिसले तर निर्धास्त पैसे भरा आणि ‘कॉम’ दिसले तर संकेतस्थळ बनावट समजा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, परंतु यातले एकही विधान खरे नाही, आणि शेवटचा सल्ला तर ज्या फसवणुकीपासून वाचवायचे तिच्याच दारात शेतकऱ्याला नेऊन उभा करणारा आहे.

नागरिकत्वाचे विधान आधी पाहू. ‘डॉट इन’चा कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे ‘निक्सी’, ही संस्था पाहते. २००५ साली नोंदणीचे धोरण खुले झाले, आणि तेव्हापासून ‘डॉट इन’, ‘डॉट को डॉट इन’, ‘डॉट नेट डॉट इन’, ‘डॉट ओआरजी डॉट इन’ ही नावे जगातल्या कोणालाही घेता येतात. त्यासाठी भारतात राहण्याची किंवा येथे कार्यालय असण्याची अट नाही. ‘ओआरजी’साठी धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणीही लागत नाही.

हा गैरसमज मुळात आला कोठून, तर इतर काही देशांच्या नियमांवरून आला असावा. कॅनडाच्या ‘डॉट सीए’साठी त्या देशाशी विहित नाते दाखवावे लागते, ऑस्ट्रेलियाच्या ‘डॉट एयू’साठीही तसेच, आणि अमेरिकेच्या ‘डॉट यूएस’लाही तशी अट आहे. युरोपीय संघाच्या ‘डॉट ईयू’बाबत नियम इतका काटेकोर आहे की ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर तेथील ज्या नोंदणीदारांकडे पात्रतेचा दुसरा आधार उरला नाही, त्यांची नावे आधी स्थगित झाली आणि पुढे काढून घेतली गेली. याउलट तुवालूचे ‘डॉट टीव्ही’ किंवा अँग्विलाचे ‘डॉट एआय’ कोणीही घेऊ शकतो. पात्रता प्रत्येक देश आपापली ठरवतो; भारताने आपले दार उघडे ठेवले आहे.

सरकार कागदपत्रे तपासते, हे म्हणणे नीट उलगडून पाहायला हवे, कारण लोकांचा विश्वास बसतो तो याच वाक्यावर. नाव विकणाऱ्या खाजगी कंपनीच्या पानावर हवे ते नाव शोधायचे, ते मोकळे असल्यास नाव, पत्ता, ईमेल, फोन भरायचा आणि वर्षाचे काहीशे रुपये द्यायचे, असा हा व्यवहार आहे. जो आधी येईल त्याला नाव मिळते. अर्जदाराची ओळख पडताळली गेली, तरी ती पडताळणी तो माणूस कोण आहे एवढेच सांगते; सरकारी योजनेचे नाव वापरण्याचा त्याला हक्क आहे का, हे ती विचारत नाही. एखाद्याने दुसऱ्याचे नाव बळकावले तर ‘निक्सी’च्या तंटा निवारण धोरणाखाली लवादाकडे तक्रार करता येते, पण ती नोंदणी झाल्यानंतर आणि ज्याचे नाव गेले त्याने केल्यावर. तोवर ते संकेतस्थळ अर्ज घेत बसलेले असते.

याचा पुरावा खुद्द केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने दिला आहे. शेतकऱ्यांना सौर पंप देणाऱ्या पीएम-कुसुम योजनेच्या नावाने पैसे उकळणाऱ्या बनावट संकेतस्थळांबाबत त्याने वारंवार इशारे दिले, आणि त्यात नावानिशी सांगितलेल्या पत्त्यांपैकी एक ‘पीएमकिसानकुसुमयोजना डॉट को डॉट इन’ आणि दुसरा ‘ऑनलाइनकुसुमयोजना डॉट ओआरजी डॉट इन’ असा होता. फिरत्या संदेशाच्या कसोटीवर हे दोन्ही पत्ते अस्सल ठरतात. तिसरा होता ‘कुसुमयोजनाऑनलाइन डॉट इन डॉट नेट’, ज्यात ‘इन’ मधेच आले आहे आणि पत्ता खरे तर ‘नेट’वर संपतो, मोबाइलच्या अरुंद पट्टीत एवढे कोणाच्या लक्षात यावे?

उलट बाजूही तितकीच चुकीची आहे. महाऊर्जा या राज्य शासनाच्या ऊर्जा विकास संस्थेने कुसुमचे अर्ज ज्या संकेतस्थळावर घेतले त्याचा पत्ता ‘महाऊर्जा डॉट कॉम’ असा संपत होता, आणि ते अधिकृत होते. महावितरणचे ‘महाडिस्कॉम डॉट इन’ही खरे आहे, पण ते खरे आहे ते महावितरणचे आहे म्हणून, ‘इन’मुळे नव्हे.

मग शेवटाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो ‘इन’च्या आधीच्या तुकड्यात आहे. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ फक्त शासकीय यंत्रणांना मिळते आणि ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत दिले जाते. पीक विम्याचे ‘पीएमएफबीवाय’ संकेतस्थळ आणि राज्याच्या योजनांचे अर्ज घेणारे महाडीबीटी याच शेवटाचे आहेत. ‘डॉट एसी डॉट इन’ शैक्षणिक संस्थांसाठी राखीव असून ते ‘अर्नेट’ ही शैक्षणिक जाळे चालवणारी संस्था देते. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ तेच वापरतात. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’कडे जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती, आणि ते नाव बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. संदेशात जी तपासणी ‘डॉट इन’ला चिकटवली आहे, ती या राखीव नावांना लागू आहे.

पत्ता वाचताना सुरुवातीचे ‘https://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचाच भाग घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचत यावे, कारण डावीकडे ‘पीएम’, ‘शासन’, ‘कुसुम’ काय वाटेल ते लिहिता येते. महाऊर्जेसारख्या ‘कॉम’वाल्या कार्यालयाचा पत्ता संबंधित विभागाच्या ‘जीओव्ही डॉट इन’ पानावरून किंवा तालुका कृषी कार्यालयातून घ्यावा, गटावर आलेल्या दुव्यावरून नव्हे. पैसे भरून झाले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते.